नेव्ह ट्रस्कॉटची बरणी

नेव्ह ट्रस्कॉटला वस्तू निवडता येत नाही असं कुणी म्हणू नये. त्याला निवडता झकास येतं, फक्त थांबता येत नाही. हे आम्ही काम्बा उपनगरातले शेजारी म्हणत नाही बरं का, तो स्वतःच म्हणतो, आणि दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत घाईघाईनं म्हणतो. जन्मभर सरकारी नोकरी केलेला माणूस तो. आपली चूक आपणच आधी मांडली की चौकशी लवकर आटपते, हे त्याला पक्कं ठाऊक.

तसं पाहिलं तर कॅनबेरात डोळे मिटून दगड भिरकावला तरी तो सरकारी नोकरालाच लागायचा, आणि नोकर खरेदी खात्यातला असला तर तो आधी विचारणार, दगड कुठल्या प्रतीचा. नेव्ह त्या खात्यातला. इतरांना लागणाऱ्या वस्तू यानं पारखून घ्यायच्या. एकदा एका कार्यालयाला खुर्च्या हव्या होत्या. नेव्ह प्रत्येक खुर्चीवर स्वतः बसला, जाड्यांना बसवलं, बारक्यांना बसवलं, पाठदुखीवाल्यांना मुद्दाम बोलावून बसवलं. शेवटी अशी खुर्ची काढली की बसलेल्याला उठावंसंच वाटू नये. खुर्च्या आल्या आणि त्याच आठवड्यात ते कार्यालय बंद झालं. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात ते हेच. मागच्या अंगणात शेगडीवर सॉसेज परतताना नेव्ह ही गोष्ट दरवेळी सांगतो, आणि शेवटी म्हणतो, "खुर्च्या मात्र उत्तम होत्या."

लग्नाचंही तेच. ग्लेन्डा त्याला एका नाचाच्या कार्यक्रमात भेटली. हा कोपऱ्यात उभा राहून कुणाला विचारावं याची चिकित्सा करत होता. तीच समोर आली आणि म्हणाली, "तुझं ठरेपर्यंत वाजवणारे घरी जातील, चल." माझ्या आयुष्यातली एकमेव चांगली निवड, असं नेव्ह सांगतो, आणि ती तिनं केली.

ग्लेन्डा शाळेत खेळ शिकवायची. तिनं मैदानाच्या या टोकाला हाक मारली की त्या टोकाची पोरं जागच्या जागी उभी राहायची. निवृत्त झाल्यावर क्लबच्या हिरवळीवर चेंडू घरंगळवण्याच्या खेळात तिनं अर्ध्या कॅनबेराच्या म्हाताऱ्यांना रडवलं. तर अशा ग्लेन्डाला नागीण झाली.

नागीण गेली, पण शेपूट ठेवून गेली. पुरळ बुजलं, खपल्या पडल्या, आणि उजव्या बरगडीखालची आग तशीच राहिली. कपडा लागला तरी तिथं करंट बसायचा. तिनं स्वतःचे कपडे सोडले आणि नेव्हचे जुने ढगळ शर्ट घालायला लागली. गाडीत बसायची तर पट्ट्याखाली उशी. हिरवळीवर वाकणं बंद. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या देऊन पाहिल्या. एकीनं चक्कर यायची, एकीनं पोट साफ व्हायचं नाही, एकीनं तर ती शेजाऱ्यांची नावं विसरायला लागली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नेव्हला तिला जवळ घेता येईना. चाळीस वर्षं रोज सकाळी चहाच्या आधी जवळ घेतलेली बायको, आणि आता तो दारात हात लोंबकळत ठेवून उभा राहायचा. यावर मात्र त्यानं कधी विनोद केला नाही.

गांजाचं ग्लेन्डानंच काढलं. आमच्याकडे माणशी दोन झाडं अंगणात लावायला सरकारची ना नाही. विकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, पोरांच्या हाताशी ठेवायचं नाही, आणि हद्द ओलांडून शेजारच्या राज्यातल्या क्विनबियनला तर मुळीच न्यायचं नाही, कारण गाडीनं पंधरा मिनिटांवर तेच पान गुन्हा होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काहींना थोडा फरक पडतो, बऱ्याच जणांना पडत नाही, फार आशा धरू नका. नेव्हनं यातला पहिला तुकडा तेवढा ऐकला.

ग्लेन्डानं कपडे वाळत घालायच्या दांडीमागे दोन टबांत दोन रोपं लावली. एक पॉसमनं, म्हणजे आमच्याकडे रात्री झाडांवरून हिंडणाऱ्या मांजराएवढ्या प्राण्यानं, फस्त केलं. "निदान पॉसमला तरी आराम पडला असेल," नेव्ह म्हणाला. दुसऱ्याला तिनं जाळी घातली आणि कामाची वाटणी करून टाकली. झाड माझं, म्हणाली, भांडीकुंडी तुझी. कशात ठेवायचं, कशानं बारीक करायचं, कशातून ओढायचं, ते तू बघ.

ते ऐकून नेव्हचे डोळे चमकले. तिथंच चूक झाली, हे तिला त्याच क्षणी कळलं होतं म्हणे.

तसा नेव्हला या विषयाचा अगदीच गंध नव्हता असं नाही. तरुणपणी चार मित्रांबरोबर एका घरात राहायचा तेव्हा संत्र्याच्या रसाची रिकामी बाटली आणि बागेतल्या नळीचा तुकडा एवढ्यावर गांजा ओढण्याचा सगळा कारभार चालायचा. त्या काळात कॅनबेरातल्या तरुणांच्या घरची एकही बागेची नळी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचत नसे. पण ते दिवस वेगळे. आता प्रश्न ग्लेन्डाचा होता, आणि ग्लेन्डासाठी नळीचा तुकडा चालणार नव्हता.

नेव्हची स्वारी फायश्विकला निघाली. फायश्विक म्हणजे कॅनबेराची माणसं जिथं गादी, टायर आणि ओळखीच्यांना सांगता येणार नाहीत अशा वस्तू घ्यायला जातात तो भाग. तिथल्या एका दुकानात टॅम्सिन नावाची नाकात रिंग घातलेली मुलगी बसायची. तिनं पहिल्याच दिवशी त्याच्यासमोर ग्राइंडर मांडले, तळहातात मावणाऱ्या, आतून दात असलेल्या गोल डब्या. दोन्ही झाकणं उलटसुलट फिरवली की आतल्या कळ्यांचा चुरा होतो. बहुतेक गिऱ्हाइकं रंग बघून एक उचलतात आणि जातात. नेव्हनं स्टूल मागितलं.

प्लॅस्टिकचे त्यानं लगेच बाद केले, दात झिजले की प्लॅस्टिकचा भुसा पोटात जाणार. लाकडी दिसायला देखणे, पण दमट हवेत फुगून अडकतात. स्वस्त धातूचे आटे इतके भरड की फिरवताना दातओठ खावे लागत. उरले ते ॲल्युमिनियमचे, एकाच ठोकळ्यातून कोरलेले. त्यातही दात चौकोनी की हिऱ्यासारखे, खाली चाळणी हवी की नको, झाकणात चुंबक किती ताकदीचं. चुरा फार बारीक झाला तर वाफ काढायच्या यंत्रात गच्च बसतो, फार जाड राहिला तर नीट तापत नाही. मग चाचणी घ्यायची तर कशावर? झाड अजून हिरवं होतं. नेव्हनं बागेतला ओरेगानो वाळवला.

एकेक ग्राइंडर तो घरी आणायचा, त्यातून ओरेगानो काढायचा, भिंगाखाली बघायचा आणि परत करायला जायचा. वाया काही घालवायचं नाही हा त्याचा बाणा, म्हणून तो ओरेगानो जेवणात यायचा. अंड्यावर ओरेगानो, मटणावर ओरेगानो, भोपळ्याच्या सुपात ओरेगानो. शेवटी ग्लेन्डानं चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "नेव्ह, मला दुखणं कमी करायचंय, पिझ्झा व्हायचं नाहीये."

बरण्यांच्या वेळी तर त्यानं आळीला वेठीस धरलं. उजेडानं माल बिघडतो म्हणून काच गडद हवी, इथवर ठीक. पण झाकण किती घट्ट, वास बाहेर येतो का, हे कळणार कसं? नेव्हनं प्रत्येक बरणीत चिरलेला कांदा भरला, बरण्या गाडीत ठेवल्या, काचा चढवल्या आणि गाडी भर उन्हात उभी केली. दुपारी आम्हाला एकेकाला बोलावून गाडीत नाक घालायला लावलं. पलीकडच्या घरातला बोझो, मूळचा क्रोएशियाचा, जन्मभर काँक्रीट ओतलेला माणूस, आत बसला, डोळे मिटून त्यानं दीर्घ श्वास घेतला आणि निकाल दिला, "गड्या, कांदा." कुठल्या बरणीचा, हे त्याला सांगता येईना. आम्हाला कुणालाच येईना. दोन-तीन चाचण्यांत गाडीच इतकी मुरली की पुढे रिकामी असली तरी कांदा, आणि ग्लेन्डाला त्याच गाडीतून डॉक्टरांकडे जावं लागलं. तरी नेव्हनं एक बरणी निवडलीच. गडद तपकिरी काच, झाकणाला रबराची चकती, तारेची कडी. मापही असं की एका झाडाच्या कळ्यांनी ती गळ्यापर्यंत भरावी आणि वर हवा फारशी राहू नये.

एप्रिल उजाडला, म्हणजे आमच्याकडे थंडीची चाहूल. सकाळी गवतावर दहिवर दिसायला लागलं आणि ग्लेन्डानं झाड कापलं. कपडे धुण्याच्या खोलीत फांद्या उलट्या टांगून वाळवल्या, काडी कडकन मोडायला लागली तशा कळ्या खुडल्या आणि बिटाच्या कापांच्या जुन्या बरणीत भरून चादरींच्या कपाटात सर्वांत वर ठेवल्या. पारदर्शक काच बघून नेव्हच्या काळजात चर्र झालं. सगळा संच ठरला की तपकिरी बरणीत भरू, हे तात्पुरतंच आहे, असं त्यानं स्वतःला समजावलं.

मग आता घोडं अडलं कुठं? यंत्रापाशी. ग्लेन्डानं सिगारेट मोठ्या कष्टानं सोडलेली, धूर नको. तेव्हा पाला न जाळता नुसती वाफ काढणारं यंत्र हवं. ते आलं, तर त्याचं तोंड प्लॅस्टिकचं निघालं. काचेच्या तोंडाचं आलं, तर ते तिच्या हाताला जड. हलकं आलं, तर तापायला वेळ. नमनालाच घडाभर तेल. ग्लेन्डा सुरुवातीला विचारायची, झालं का रे? हा म्हणायचा, एवढं एकच राहिलंय. मेच्या सुमाराला तिनं विचारणं सोडलं. नेव्हला वाटलं, बायकोचा आपल्या पद्धतीवर विश्वास बसला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला असं वाटावं, यावर आता तो स्वतःच कपाळाला हात लावतो.

बोझो कुंपणावरून टोमणे मारायचा, हे ग्लेन्डासाठी चाललंय की संग्रहालयासाठी? नेव्ह हसायचा. हसण्यावारी नेण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. तो म्हणायचा, मी मेल्यावर माझी शवपेटी निवडायला दुसऱ्या कुणाला तरी सांगा, नाहीतर मी जमिनीच्या वरच राहीन.

जुलैत एका सकाळी तो पुन्हा फायश्विकला गेला. बरणीत ओलावा राखणाऱ्या पुड्या मिळतात, त्यातल्या कुठल्या घ्याव्यात हा प्रश्न होता. टॅम्सिननं दोन प्रकार पुढे ठेवले आणि सहज विचारलं, "नेव्ह, बायकोला कसं वाटलं ते तू सांगितलंच नाहीस. फरक पडला का तिला?"

"तिनं अजून घेतलं नाहीये."

टॅम्सिननं पुड्या उगीच सरळ केल्या. मग हळूच म्हणाली, "तिला कसं घ्यायला आवडेल, हे तरी तिनं सांगितलं असेल ना?"

जन्मभर नेव्हनं नवशिक्या कारकुनांना पहिला धडा हाच दिला होता की वस्तू कुठलीही असो, जो वापरणार त्याला आधी विचारा. खुर्चीसाठी त्यानं पाठदुखीवाले जमवले होते. इथं दुखणारी बाई घरातच होती आणि त्यानं बोझोला विचारलं, मला विचारलं, कांद्याला विचारलं, तिला नाही.

पुड्या न घेताच तो गाडीत येऊन बसला. आणि तिथं, त्या कांद्याच्या वासात, त्याचे विनोद संपले. त्याला दिसलं की आपण विसरलो नव्हतो, मुद्दाम विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, आणि मग तिला द्यावंच लागलं असतं. दिलं असतं आणि फरक पडला नसता, तर? गोळ्या झाल्या, मलमं झाली, सुया झाल्या. यामागे आता काही नव्हतं. काहीतरी निवडायचं बाकी होतं तोवर उपाय बाकी होता. नेव्हिल ट्रस्कॉट, सत्तरीचा माणूस, भ्याला होता, दुसरं तिसरं काही नाही. "गाढवा," तो स्वतःला म्हणाला, "दुखणं ती सोसतेय, भीती तुला, आणि बिल फाडतोयस तिच्याच नावावर."

घरी आला तो ठरवून. ग्लेन्डा मागच्या ओसरीवर उन्हात बसली होती, त्याचा चेक्सचा शर्ट अंगात. गवतावर काकाकुवांची टोळी चोची खुपसत होती. नेव्हनं तिच्यासमोरच्या टेबलावर स्वच्छ टॉवेल अंथरला, त्यावर ग्राइंडर ठेवला, हलकं यंत्र ठेवलं, तपकिरी बरणी ठेवली आणि आतून बिटाची बरणी आणली. आज, म्हणाला, आत्ता. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

तो एकेक कळी उचलून तपकिरी बरणीत टाकायला लागला. बिटाची बरणी रिकामी झाली आणि तपकिरी अर्धीसुद्धा भरली नाही. नेव्हनं बरणी उन्हात धरली. वाळून आक्रसलं असेल, म्हणाला, पण इतकं? मग कपाटाकडे संशयानं बघत पुटपुटला, पॉसम तर नाही?

"पॉसम बरणीचं झाकण परत लावून ठेवत नाही," ग्लेन्डा म्हणाली. "मी घेतलंय, नेव्ह. मेपासूनच."

नेव्हच्या तोंडून पहिला शब्द काय निघावा? "कशात?"

"आधी लोण्यात शिजवून बिस्किटं केली. मग तुझ्याच यंत्रात भरून पाहिलं, त्या जडवाल्या, तू परत करायच्या आत."

"आणि बारीक कशानं केलंस?"

"स्वयंपाकघरातल्या कात्रीनं. चहाच्या कपात."

"कात्रीनं," नेव्ह म्हणाला. कितीही झालं तरी ते त्याला लागलंच. मग तो भानावर आला. त्यानं बरणी खाली ठेवली आणि जे विचारायला इतके महिने भीत होता ते विचारलं. "आणि?"

"दोनदा झोप बरी लागली. एकदा तुझा कांदा आठवून इतकं हसू आलं की उशीत तोंड खुपसावं लागलं." तिनं बरगडीकडे नुसती मान केली. "पण हे आहे तसंच आहे. पुन्हा पुन्हा घेऊन पाहिलं. जुलै लागल्यावर सोडलं."

"मला सांगितलं का नाहीस?"

ग्लेन्डा शाळेतली बाई, उत्तर तोलून देणारी. "तू फायश्विकहून येताना शीळ घालत यायचास," ती म्हणाली. "दोन वर्षांत मी तुझी शीळ ऐकली नव्हती. म्हटलं, निवडू दे याला. मला काही होत नसेल तर निदान याला तरी आराम पडतोय."

नेव्ह खाली बसला. आपण तिच्यापासून लपवत होतो आणि ती आपल्यापासून, आणि मध्ये ही एवढी बरणी. त्याला ओरडून रडावंसं वाटलं, आणि रडण्याऐवजी त्याचं तोंड सवयीनं चालू झालं. पुढच्या वर्षी दुसरं वाण लावू, म्हणाला. याहून वेगळ्या जाती असतात, टॅम्सिनला विचारतो, पानं जाड असलेली एक आहे म्हणे. आणि तेल काढायचं एक भांडं मिळतं, त्यात तीन-चार प्रकार आहेत, त्यातला—

"नेव्ह."

तो थांबला.

"आता काही निवडू नकोस."

तिनं त्याचा हात धरला, टेबलावरून ओढून आपल्याकडे नेला आणि शर्टावरून उजव्या बरगडीखाली टेकवला. दोन वर्षांत तिथं त्याचा हात लागला नव्हता. तिनं डोळे गच्च मिटले आणि दातांवर दात रोवले. नेव्हला तिच्या कातडीखालचा थरकाप तळहाताला कळला.

"दुखतंय?"

"खूप."

"काढू हात?"

"राहू दे," ग्लेन्डा म्हणाली.